माकडतापाचे पहिले निरीक्षण

१९५७ सालच्या मार्चमधली ही गोष्ट. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. जवळच्या गावांत माणसेही तापाने फणफणली. या दोन गोष्टींचा संबंध गावकऱ्यांनी ओळखला. कन्नडमध्ये या आजाराचे नावच 'मंगन कायिले', म्हणजे माकडांचा आजार.

बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोचली. हे केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झाली. माकडे मरतात म्हटल्यावर शास्त्रज्ञांना पहिली शंका आली पीतज्वराची. भारतात तो कधीच आढळला नव्हता, त्यामुळे काळजी मोठी होती. पण रुग्ण आणि मेलेली माकडे यांच्यापासून वेगळा केलेला विषाणू निघाला रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद! त्याचा प्रसार डास करत नव्हते, तर गोचीड करत होती. मिरजगावच्या मुलांना गाईबैलांच्या अंगावरची गोचीड ठाऊक असते. ही होती जंगलातली.

२०१६ मध्ये हाच आजार सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पसरला. तिथे तो 'माकडताप' झाला. जंगलात मेलेले माकड दिसले की ताबडतोब कळवणे, हीच आजही धोक्याची पहिली सूचना ठरते.

हल्ली विषाणुतज्ज्ञ पॉडकास्टमधून तज्ज्ञांशी आणि सामान्यांशी एकाच वेळी बोलतात. ते चांगलेच आहे. मात्र क्यासनूरला आधी बोलले ते गावकरी, आणि शास्त्रज्ञांनी ऐकले. वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर एवढेच विचारावे : या शोधातले पहिले निरीक्षण कोणाचे?