गुडघा नवा, तोल जुनाच



गुडघा बदलून वर्ष झालं. दुखणं गेलं, जखम भरली, पाय छान वाकतो. तरी चालताना पाऊल जरा तिरकं पडतं आणि वळताना हात भिंत शोधतो. परवा एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "गुरुजी, गुडघा तं नवा टाकला, मंग असे डोलता काहून?" मुलंही फोनवर हेच विचारतात. म्हणून सविस्तर लिहितो. मास्तरकीची सवय, त्यामुळे सुरुवात इतिहासापासून!

कृत्रिम गुडघ्याचा पहिला मोठा प्रयत्न बर्लिनच्या ग्लुक यांनी १८९० मध्ये केला, तोही हस्तिदंताचा. जंतुसंसर्गामुळे तो टिकला नाही. आजच्या धातू-प्लास्टिकच्या गुडघ्याचा पाया १९७४ मध्ये न्यूयॉर्कला घातला गेला. तिथल्या चमूत इन्सॉल यांच्याबरोबर आपले डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलला आणि उजवा जून २००१ मध्ये. दुसऱ्या ऑपरेशननंतर पाच-सहा आठवड्यांतच आग्र्याची शिखर परिषद झाली! वाजपेयींची ती सावकाश, जपून टाकलेली पावलं आपण टीव्हीवर पाहिली आहेत.

म्हणजे सांध्याचा प्रश्न बराचसा सुटला. तोलाचं मात्र वेगळं आहे. १८४० च्या दशकात जर्मनीच्या रोमबर्ग यांनी लिहून ठेवलं, की काही रुग्ण डोळे उघडे असताना नीट उभे राहतात, मिटले की झुलतात. १९०६ मध्ये इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी या मागच्या जाणिवेला नाव दिलं. आपला पाय कुठे आहे, किती वाकला आहे, हे न बघता कळणं, ती ही जाणीव. स्नायू, सांधे आणि अस्थिबंध यांतून ती मेंदूकडे जाते. गुडघा बदलताना आतला एखाददुसरा अस्थिबंध बहुधा काढावाच लागतो. मांडीचा स्नायू कमजोर झालेला असतो. शिवाय वाकडा पाय सरळ होतो, पण मेंदूला कित्येक वर्षांच्या लंगडण्याची सवय! त्याला नवा पाय ओळखायला वेळ लागतो.

त्यात आमचं भातकुली पडलं काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चपलेला किलो-किलो चिखल. दिवसा डोळे सांभाळून घेतात, पण लाइट गेली की पाय गोंधळतो.

मुलांचं म्हणणं, "बाबा, पडाल. घरातच बसा." काळजी समजते. मांडीचं हाड मोडलं तर काय होतं, हे मी माझ्याच वयाच्या माणसांत पाहिलंय. पण बसून राहिलं तर स्नायू आणखी वाळणार, म्हणजे पडण्याचीच तयारी. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. तोल सरावाने येतो, हे मल्लखांब पाहिलेल्या आम्हां अमरावतीकरांना वेगळं काय सांगायचं? मी रोज ओट्याला धरून एका पायावर उभा राहतो, खुर्चीवरून हात न टेकता उठतो आणि टाचेला अंगठा लावत व्हरांड्यात चालतो. गुडघा अचानक दगा देऊ लागला, सुजला किंवा चक्कर आली, तर मात्र डॉक्टरच गाठायचे.

असो. सहा महिन्यांपूर्वी देवळापर्यंत जायला सोबत लागायची, आता काठी पुरते. दिवाळीला येताना फराळाबरोबर एक चांगली बॅटरी तेवढी आणा.