सिंहासनामागील हात



वसंतातील या व्यासपीठावरून विद्वानांनी इतिहास सांगावा आणि आमच्यासारख्या फाटकावर भाषणे करणाऱ्याने तो खाली बसून ऐकावा, ही खरी रीत. ती मोडून आपण मला उभे केलेत. त्यातून मी निवडलेला विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल. ड्रॅगन, बर्फातले मुडदे आणि लोखंडी सिंहासन यांच्या एका इंग्रजी कादंबरीमालेची दूरचित्रवाणीवर मालिका कशी झाली, हा तो विषय. मालिकेचे नाव ‘गेम ऑफ थ्रोन्स’. ही पोरासोरांची करमणूक, तिचा कसला इतिहास, असे कोणी म्हणेल. पण हजेरीपट वाचण्यात हयात घालवलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर कोणतीही वस्तू आली की ती कोणी केली, कोठे केली आणि किती पाळ्यांत केली, हे तो विचारतो. मी या मालिकेलाही तेच विचारले.

मूळ ग्रंथकार जॉर्ज मार्टिन. अमेरिकेतील बेऑन या बंदराच्या गावी 1948 साली, एका गोदी कामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. 1980 नंतरच्या दशकात ते दूरचित्रवाणीसाठी संहिता लिहीत. तेथे त्यांना दर वेळी एकच उत्तर मिळे : संहिता उत्तम आहे, पण एवढ्या पैशांत होणार नाही, पात्रे कमी करा, लढाई काढा. या काटछाटीला कंटाळून ते कादंबरीकडे वळले. कागदावर दहा हजारांचे सैन्य उभे करायला शाईच तेवढी लागते! पडद्यावर कधी येणारच नाही एवढे मोठे काही लिहायचे, या जिद्दीने त्यांनी कथा मांडली. पहिला भाग 1996 साली निघाला, पुढचे 1998, 2000, 2005 आणि 2011 साली. या सालांतील वाढत जाणारे अंतर आपण ध्यानात ठेवावे. माझा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या दोघा लेखकांनी एचबीओ या अमेरिकन वाहिनीसाठी हे काम पत्करले. 2009 साली नमुन्याचा पहिला भाग चित्रित झाला. तो इतका फसला की त्यातला बहुतेक भाग पुन्हा करावा लागला. अखेर 17 एप्रिल 2011 रोजी मालिका सुरू झाली. ग्रंथाचे नाटक करणे म्हणजे काय, ते येथे उत्तम दिसते. पुस्तकातील प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या मनातून सांगितलेले आहे. मन काही छायायंत्राला दिसत नाही, म्हणून मनातले ओठांवर आणावे लागले. राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी आपल्या फसलेल्या संसाराविषयी एकांतात बोलतात, तो सुंदर प्रसंग पुस्तकात नाही. भाग लांबीला कमी पडू लागले तेव्हा नव्याने प्रसंग लिहिले गेले. भरताड म्हणून लिहावे आणि ते सोने ठरावे, असे कधी कधी घडते.

उलट जेथे पैसा अपुरा, तेथे कात्री. पुस्तकातला टिरियन लढाईत प्रत्यक्ष लढतो; पडद्यावर लढाईच्या आरंभीच तो डोक्यावर घाव बसून बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो लढाई संपल्यावर. दुसऱ्या वर्षी, 2012 साली, खाडीतील युद्धाचा भाग खुद्द मार्टिन यांनी लिहिला. शत्रूची गलबते कोंडणारी प्रचंड साखळी हा त्यांच्या पुस्तकातला मोठा डाव; ती साखळी पडद्यावर आलीच नाही. ज्या काटछाटीला कंटाळून ते निघून गेले होते, ती तेथेही त्यांची वाट पाहत होती.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो : हे केले कोठे? डुब्रॉव्हनिक, आइसलंड, स्पेन, मोरोक्को अशा अनेक ठिकाणी चित्रण झाले. पण मालिकेचे मुख्य ठाणे उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट. आणि बेलफास्टमध्ये कोठे, तर ‘हारलँड अँड वुल्फ’ या गोदीत. ‘टायटॅनिक’ याच गोदीत बांधले गेले आणि 1911 साली पाण्यात उतरले. एके काळी हजारो माणसे जिच्या भोंग्यावर उठत-बसत, त्या गोदीने तेथे बांधलेले शेवटचे जहाज 2003 साली पाण्यात सोडले. जहाजांचे भाग जेथे रंगवीत, ते रंगखाते रिकामे पडले. त्याची चार दालने, प्रत्येक सुमारे 90 फूट उंच. त्या दालनांत राजवाडे आणि दरबार उभे राहिले. बॅनब्रिज गावच्या तागाच्या कापडाच्या जुन्या गिरणीत कार्यशाळा आली. मॅघरामॉर्नच्या चुनखडीच्या बंद खाणीत बर्फाच्या भिंतीखालचा किल्ला बांधला गेला. गोदी, गिरणी, खाण : जुन्या उद्योगाची तिन्ही रिकामी घरे या काल्पनिक राज्याने भाड्याने घेतली, असे म्हणावे लागते. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपानंतर त्या गिरणीच्या जागी काय उभे राहिले, ते मी पाहिले आहे. म्हणून बेलफास्टचा हा मजकूर वाचताना मला परका वाटला नाही.

तेथे नवे काम आले, हे खरे. सुतार, लोहार, शिंपी, घोडे सांभाळणारे, रंगारी, सर्वांना आले. पहारेकऱ्यांचे भारदस्त झगे आयकिया या दुकानातल्या गालिच्यांपासून शिवले होते, हे वेशभूषाकार मिशेल क्लॅप्टन यांनीच सांगितले आहे. 2016 सालच्या एका प्रसिद्ध लढाईसाठी सुमारे 500 सैनिक, 600 कामकरी आणि 70 घोडे 25 दिवस राबत होते. शेवटच्या वर्षीच्या एका लढाईला 55 रात्रपाळ्या लागल्या, त्याही गारठ्यात आणि चिखलात. पण हे काम हंगामी. हंगाम संपला की हजेरीपट बंद.

आणि येथेच मूळ पेच आहे. लेखक कारागीर असतो. त्याचा माग त्याच्या घरात. सूत तुटले तर तो थांबतो, विचार करतो, पुन्हा जोडतो. मालिका हा कारखाना असतो. त्यात नटांचे करार, भाड्याच्या जागा, सावकाराचा पैसा. साचा थांबवणे परवडत नाही. 2011 ते 2016 दर वर्षी दहा भाग निघाले आणि पुस्तके मागे पडली. 2013 साली मार्टिन यांनी दोघा लेखकांना कथेचा शेवट ढोबळपणे सांगून ठेवला होता. पण शेवट माहीत असणे वेगळे आणि तेथवर चालत जाणे वेगळे. पुढे 2017 साली सात भाग, 2019 साली सहा, आणि 19 मे 2019 रोजी 73 व्या भागाने मालिका संपली. सहावे पुस्तक तोवर आले नव्हते. वर्षानुवर्षे सावकाश पेरलेले पीक घाईने कापले गेले. दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांनी शेवटचा हंगाम नव्याने करा अशा अर्जावर सह्या केल्या. अर्ज अर्थातच दप्तरी दाखल झाला.

शेवट कोणाचा, हा प्रश्न आपल्या देशात याहून गंभीरपणे विचारला गेला आहे. धर्मग्रंथ आणि कल्पित कथा मी एका तागडीत घालत नाही. पण 1988 साली ‘रामायण’ मालिका उत्तरकांड न दाखवता संपणार असे दिसताच जालंदरच्या सफाई कामगारांनी संप केला, हे विसरता येत नाही. वाल्मीकींना ते आपले पूर्वज मानत. सह्यांच्या लाखांनी जे झाले नाही ते झाडू खाली ठेवल्याने झाले. ‘उत्तर रामायण’ झाले. कोणाच्या हाताशिवाय काय अडते, याचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता.

2019 सालची दुसरी एक गोष्ट वर्तमानपत्रांत फार थोड्या जागेत आली. मालिका मे महिन्यात संपली. जुलैअखेर ती जुनी गोदी दिवाळखोरीच्या तोंडाशी आली तेव्हा उरलेल्या शंभरावर कामगारांनी फाटक ताब्यात घेतले आणि राष्ट्रीयीकरणाची मागणी केली. राष्ट्रीयीकरण झाले नाही. पण नऊ आठवडे ते हटले नाहीत, आणि ऑक्टोबरात नवा मालक मिळाला. लोखंडी सिंहासन कोणाला मिळाले यावर जगभर वाद चालला असताना, लोखंड कापणारी माणसे आपल्या फाटकावर बसून होती.

2023 साली अमेरिकेतील पटकथालेखकांनी 148 दिवस आणि नटांनी 118 दिवस संप केला. याच राज्याच्या पूर्वकथेची मालिका तेव्हा ब्रिटनमध्ये चालू होती आणि ती चालूच राहिली. तेथील नटांचे करार ब्रिटिश संघटनेचे, आणि सहानुभूतीचा संप तेथील कायद्याला मान्य नाही. कथेतली राज्ये सात. कामकऱ्यांची राज्ये त्याहून अधिक, आणि त्यांच्या सीमा कायद्याने आखलेल्या.

मार्टिन यांची थोरवी मी कमी लेखत नाही. त्यांनी ते राज्य कल्पिले नसते तर कोणाच्याच हाताला काम नव्हते. पण पुस्तकावर एक नाव असते, आणि मालिकेच्या अखेरीस नावांची लांब यादी सरकत जाते. आपण नेमके तेव्हाच यंत्र बंद करतो. पुढच्या वेळी ती यादी शेवटपर्यंत वाचावी, एवढीच माझी आपणांस विनंती आहे. ती सुद्धा एक हजेरीपटच आहे.