स्क्रीनवर आठ फूट, टॉवरमध्ये एकशे अठ्ठावन्न

टेक्सास सिटी, २३ मार्च २००५. बीपीच्या रिफायनरीतला रॅफिनेट स्प्लिटर नावाचा टॉवर दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करायचा होता. टॉवर १७० फूट उंच, पण तळाशी द्रव ठेवायचा तो जेमतेम साडेसहा फूट. पातळी मोजणारा ट्रान्समीटर नऊ फुटांपर्यंतच पाहू शकत होता. नऊ फुटांच्या वर काय चाललंय हे सांगणारं उपकरण नव्हतं. खालच्या नोंदींतली खरी पातळी तपास अधिकाऱ्यांनी नंतर हिशेबाने काढलेली आहे. कंट्रोल बोर्डवर बसलेल्या माणसाला ती त्या दिवशी दिसत नव्हती.

पहाटे २:१५
रात्रपाळीने टॉवर भरायला घेतला.

पहाटे ३:०९
ट्रान्समीटरच्या पल्ल्याच्या ७२ टक्क्यांवर लावलेला अलार्म वाजला. ७८ टक्क्यांवर दुसरा, स्वतंत्र अलार्म वाजायला हवा होता. तो वाजलाच नाही. पहिल्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण पातळी फार खाली गेली तर माल तापवणाऱ्या भट्टीला धोका, म्हणून सुरू करताना जरा जास्तच भरायची तिथली जुनी रीत होती. लेखी कार्यपद्धती कपाटात आणि रीत पाळीवर, असा कारभार आपल्याकडच्या कारखान्यांनाही नवा नाही.

पहाटे ३:३०
भरणं थांबवलं. स्क्रीनवर ९९ टक्के, म्हणजे नऊ फुटांच्या आत. खरी पातळी १३ फूट.

सकाळी ६:००
पाळी बदलली. टॉवर भरणारा मुख्य ऑपरेटर तासभर आधीच, पाचच्या सुमारास निघून गेला होता. लॉगबुकात जेमतेम एक ओळ, आणि किती भरलं याचा तिच्यात पत्ता नाही. दिवसपाळीचा बोर्ड ऑपरेटर सलग २९ दिवस बारा-बारा तास काम करून आलेला. त्याच्याकडे एक नव्हे, तीन युनिट होती. पूर्वी या कामाला दोघे असत. सुपरवायझर सव्वासातला आला, तोवर रात्रपाळीचं कुणीच उरलं नव्हतं.

सकाळी ९:५१
टॉवरमध्ये पुन्हा माल सुरू झाला, दिवसाला सुमारे २०,००० बॅरलच्या वेगाने. तळातून माल बाहेर नेणारा व्हॉल्व्ह मात्र बंद. कुठला माल कुठल्या टाकीत पाठवायचा, याबाबत एकाने एक ऐकलं होतं, दुसऱ्याने दुसरं. शाळेत हौदाचं गणित असतं: एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो, हौद किती वेळात भरेल? इथे दुसरा नळ बंदच होता, आणि तीन तास कुणी गणित मांडलं नाही.

कारण ते मांडायला दोन आकडे शेजारी लागतात. असे आकडे स्क्रीनवर दाखवणारी डिस्ट्रिब्यूटेड कंट्रोल सिस्टीम, सगळे म्हणतात तसं डीसीएस, १९७५ साली बाजारात आली. अमेरिकेत हनीवेलची टीडीसी २०००, जपानमध्ये योकोगावाची सेंटम. त्याआधी कंट्रोल रूममध्ये भिंतभर पॅनेल असे. शेकडो काटे एकाच वेळी नजरेसमोर, आणि जुना ऑपरेटर दारातून आत येतानाच कुठला काटा वाकडा ते ओळखे. डीसीएसने ती भिंत काढून टेबलावर स्क्रीन ठेवले. फायदे उघड होते: नोंदी, अचूक नियंत्रण, कमी माणसं. तोटा एवढाच की जे पान उघडाल तेवढंच दिसतं. टेक्सास सिटीत टॉवरमध्ये येणारा प्रवाह एका पानावर होता आणि बाहेर जाणारा दुसऱ्या. वजाबाकी करून दाखवणारी ओळ कुठेच नव्हती.

यात डीसीएस बनवणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण माझ्या मते ते चूक ठरेल. कंपनी यंत्रणा विकते आणि चित्रं काढायची सोय देते. कोणता आकडा कुठल्या पानावर ठेवायचा हे प्रोजेक्टचे इंजिनिअर आणि कारखान्याची माणसं ठरवतात. पुण्यात हनीवेलची आणि एमर्सनची अभियांत्रिकी केंद्रं आहेत. आपली कितीतरी मुलं-मुली तिथे परदेशातल्या प्लांटची असली पानं रोज काढत असतात. त्या कामाला ‘ग्राफिक्स’ म्हणतात, म्हणून ते सजावटीचं वाटतं.

सकाळी १०:५०
घरी वैद्यकीय अडचण आली म्हणून सुपरवायझर गेला. त्याच्या जागी कुणी आलं नाही.

सकाळी ११:१६
भट्टीचे आणखी दोन बर्नर पेटवले. स्क्रीनवर ९३ टक्के. खरी पातळी ६७ फूट.

सकाळी ११:५०
स्क्रीनवर ८८. खरी पातळी ९८ फूट. टॉवर भरत होता आणि आकडा उतरत होता. ट्रान्समीटरमध्ये द्रवात लोंबणारा एक दंडगोल असतो, आणि द्रव त्याला किती उचलून धरतो त्यावरून पातळी कळते. दंडगोल पूर्ण बुडाला की वर आणखी दहा फूट असो वा शंभर, त्याला फरक पडत नाही. मग तो मोजतो ती फक्त द्रवाची घनता. भट्टी तापत होती, द्रव हलका होत होता, उचल कमी होत होती, म्हणून आकडा खाली. बोर्डवरच्या माणसाला वाटलं, पातळी हळूहळू जागेवर येतेय. आकडा साफ बिनसला असता तर निदान संशय तरी आला असता.

दुपारी १२:४१
टॉवरच्या माथ्यावरचा दाब वाढून अलार्म झाला. खरी पातळी १४० फुटांच्या आसपास. ऑपरेटरांनी साखळीने उघडायचा व्हॉल्व्ह उघडून दाब सोडला, दोन बर्नर विझवले, आणि अखेर तळाचा व्हॉल्व्ह उघडायला सुरुवात केली. पण बाहेर जाणारा गरम माल वाटेत हीट एक्स्चेंजरमधून आत येणाऱ्या मालाला तापवतो. एरवी ती इंधनाची बचत. त्या दुपारी आत येणारा माल झपाट्याने तापला आणि टॉवरमधला द्रव उकळून फुगला.

दुपारी १:०४
स्क्रीनवर ७८ टक्के, म्हणजे ७.९ फूट. खरी पातळी १५८ फूट.

दुपारी १:१४
द्रव माथ्यावरून वाफेच्या नळीत उतरला. त्या उभ्या नळीतल्या द्रवाच्या भाराने खालचे तिन्ही रिलीफ व्हॉल्व्ह उघडले. सहा मिनिटांत सुमारे ५२,००० गॅलन हायड्रोकार्बन ब्लोडाउन ड्रममध्ये गेलं. ड्रमवर शंभर फुटांहून उंच चिमणी, तिला वायू जाळून टाकणारी फ्लेअर नाही, तोंड सरळ आकाशाकडे. या ड्रमचा अलार्मही वाजला नाही. चिमणीतून कारंजं उडालं.

शेजारच्या युनिटच्या दुरुस्तीसाठी आलेल्या कॉन्ट्रॅक्टरांचे ट्रेलर तिथून १२१ फुटांवर होते. आज टॉवर सुरू होतोय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातले बरेचजण सुरक्षिततेच्या चांगल्या कामगिरीबद्दल दिलेलं जेवण आटोपून नुकतेच परतले होते. जवळच एक डिझेल पिकअप इंजिन चालू ठेवून उभा होता.

दुपारी १:२०
वाफेच्या ढगाने पेट घेतला, बहुधा त्या पिकअपमुळे. १५ ठार, १८० जखमी. मृत्यू सगळे ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास, आणि सगळे कॉन्ट्रॅक्टरांच्या माणसांचे.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचा अहवाल मार्च २००७ मध्ये आला. खर्चकपात, थकलेली माणसं, बंद पडलेली उपकरणं, जागच्या जागी राहिलेली जुनी चिमणी, सगळ्यांवर त्यात ताशेरे आहेत. शिफारशींच्या यादीत एक अशीही आहे: डिस्टिलेशन टॉवरमध्ये किती आलं आणि किती गेलं, याचा ताळा कंट्रोल बोर्डच्या स्क्रीनवर स्पष्ट दिसेल अशी मांडणी करा.