मधला आवाज

आमच्या घरात वेताची एक खुर्ची होती. संध्याकाळी आठनंतर तिच्यावर बसण्याचा हक्क फक्त माझा, असा अलिखित नियम होता. १९८६ साली पगाराची थकबाकी मिळाली, त्यातून मी स्टीरिओ घेतला. अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन मोठे स्पीकर. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. मी टेप लावून अंतरं मोजली आणि तिसऱ्या कोपऱ्यावर ती खुर्ची ठेवली. तिथे बसलं की गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा असल्यासारखा वाटे. प्रत्यक्षात तिथे नुसती भिंत होती.

माझे वडील, अण्णा, खिडकीपाशी आरामखुर्चीत बसत. डावा स्पीकर त्यांच्या कानाशी. त्यांना गायक कायम त्या डब्यातच कोंडलेला ऐकू येई. त्याचं कारण साधं आहे. दोन स्पीकरमधून एकच आवाज आला, तर जो कानावर आधी पोहोचतो तिथूनच तो आला, असं आपला मेंदू ठरवतो. म्हणजे स्टीरिओचा तो 'मध्य' एकाच माणसासाठी असतो. आमच्या घरी तो माणूस मी होतो.

गंमत अशी की, ही अडचण संशोधकांना फार आधीपासून ठाऊक होती. लंडनच्या ईएमआय कंपनीतला अॅलन ब्लमलाइन हा तरुण इंजिनिअर भावी पत्नीबरोबर बोलपट पाहायला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडे, हे त्याला खटकलं. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची युक्तीही त्यात होती. पुढे १९४२ साली, युद्धकाळात, विमानातील रडारची चाचणी घेताना झालेल्या अपघातात तो गेला. वय अवघं ३८.

अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने वेगळी वाट धरली. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद त्यांनी तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. रंगमंचावर वादक नव्हते, फक्त स्पीकर होते. त्यासाठी त्यांनी वाहिन्या वापरल्या तीन : डावी, उजवी आणि मधली. मोठ्या सभागृहात बाजूला बसलेल्यांनाही मधला आवाज मधूनच ऐकू यावा, म्हणून.

मग घरातून ती मधली वाहिनी गेली कुठे? ती गेली तबकडीच्या खाचेत. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. खाचेला भिंती दोनच, म्हणून वाहिन्याही दोन. चित्रपटगृहांना अशी अडचण नव्हती. १९७५ साली 'शोले' सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टीरिओफोनिक ध्वनीसह आला, तेव्हा त्या फितीवर चुंबकीय पट्ट्यांना भरपूर जागा होती. घरातला श्रोता मात्र दोहोंवरच राहिला.

त्यावरचा तोडगा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे सल्लागार म्हणून आपल्याच देशात होते. इथून परतल्यावर त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. १९७० च्या दशकाच्या मध्याला त्यांच्या कंपनीने चित्रपटांसाठी चार आवाज दोन पट्ट्यांत बसवले. मधला आवाज दोन्ही पट्ट्यांत सारखाच मिसळायचा. मागचा आवाजही दोन्हींत मिसळायचा, पण उलट्या कलेने : एकीकडे लाट वर असेल तेव्हा दुसरीकडे खाली. ऐकवताना दोन्ही पट्ट्यांची बेरीज केली की मधला आवाज मिळतो, वजाबाकी केली की मागचा. शाळेतलंच गणित! १९८२ पासून असा उलगडा करणारी यंत्रं घरांसाठी आली, पण त्यांत मागचाच आवाज वेगळा निघे. मधल्या स्पीकरची सोय १९८७ च्या 'प्रो लॉजिक'ने केली.

असा एक प्रोसेसर १९९८ साली मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुन्या बाजारात घेतला. जुन्या अॅम्प्लिफायरला टेपसाठी जी भोकं होती, तिथे तो जोडला. टीव्हीखाली एक छोटा स्पीकर, पाठीमागे दोन. मला हवी होती मागून येणारी विमानं आणि पाऊस.

"आणखी किती डबे आणणार आहेस?" अण्णांनी विचारलं.

तोवर त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं. सिनेमा लागला की ते वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जात. त्यांना सिनेमाचा कंटाळा येतो, असा आमचा समज होता. त्या रात्री व्हीसीडीवर हिंदी चित्रपट लावला. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या आवाजातच असतात, आणि या यंत्रावर मधला आवाज वेगळा वाढवता येत होता. सहज म्हणून मी तो थोडा वाढवला. पार्श्वसंगीत होतं तिथेच राहिलं, माणसांचं बोलणं तेवढं पुढे आलं.

थोड्या वेळाने अण्णा दारात येऊन उभे राहिले. मग आरामखुर्चीत बसले. शेवटपर्यंत बसले. उठताना म्हणाले, "आज बोलले बाबा सगळे नीट."

बारा वर्षं मी त्रिकोण मोजत होतो; ते शब्द गाळून ऐकत होते, हे मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची एलपी लावायला सांगितली. ती ध्वनिमुद्रणं एका वाहिनीची. दोन्हीकडे आवाज एकच, त्यामुळे यंत्राने तो सगळा मधल्या छोट्या स्पीकरकडे पाठवला. माझे महागडे मोठे स्पीकर गप्प! तबकडीवरची धुळीची खरखर मात्र दोन्ही भिंतींत सारखी नसते. तिचा थोडा अंश पाठीमागून येत राहिला. मी यंत्र बंद करायला उठलो.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "नारायणराव समोर बसलेत. मागे थिएटरात कुणीतरी दाणे खातंय."

अण्णा २००४ साली गेले. ते यंत्र आता माळ्यावर आहे. हल्ली टीव्हीखाली एक लांब पट्टी असते आणि संवाद वाढवण्याची सोय असते. अलीकडे मीच ती वापरतो. वेताची खुर्ची अजून आहे. ज्याला जिथे हवी, तिथे तो ती ओढून बसतो.