महाड नगरपालिकेचे दोन ठराव

चवदार तळ्याचा इतिहास बहुधा २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहापासून सांगितला जातो. स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासकास मात्र त्याच्या मागचे व पुढचे नगरपालिकेचे कामकाजच अधिक बोलके वाटेल.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केले. ठराव झाला, पण सवर्णांच्या विरोधामुळे पाणी घेण्यास कोणी धजावले नाही. नगरपालिकेनेही त्यापुढे काही केल्याचे दिसत नाही.

याचे कारण केवळ सभासदांच्या वृत्तीत शोधणे पुरेसे नाही. तत्कालीन नगरपालिकांचा मताधिकार कर व मालमत्ता यांवर आधारलेला असे. साहजिकच ज्यांच्यासाठी हा ठराव होता, त्यांतील बहुसंख्य लोक मतदारच नव्हते. याउलट, तळ्याभोवती घरे असलेल्या सवर्णांची मर्जी सांभाळणे सभासदांस भाग होते. नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविणारे सुरेंद्रनाथ टिपणीस सत्याग्रहाच्या बाजूस होते खरे. परंतु एकट्या अध्यक्षाच्या सहानुभूतीने सभा चालत नाही.

सत्याग्रहानंतर हे उघडच झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी (हा योगायोगच म्हणावयाचा), नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरात काही सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावून डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध तात्पुरता मनाई-हुकूम मिळविला. तेव्हा प्रश्न सभागृहातून न्यायालयात गेला, आणि तेथे वादाचा विषयच पालटला. नगरपालिकेने काय ठरविले यापेक्षा तळे कोणाच्या मालकीचे व बहिष्काराची रूढी किती जुनी, याचीच चर्चा तेथे प्रामुख्याने झाली. खाजगी मालकीचा दावा टिकला नाही. रूढी अनादि काळापासून चालत आली आहे हेही वादींस सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. ठराव रद्द होऊन त्या वेळी साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लोटला होता.