भगत्वचाविकार

भगत्वचाविकार : स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांच्या, म्हणजे भगाच्या, त्वचेस होणारे विकार. इसब, गजकर्ण, सोरियासिस, कोड इ. सर्वसामान्य त्वचाविकार या भागातही आढळतात. ‘लायकेन स्क्लेरोसस’ हा दीर्घकालीन विकार मात्र येथे विशेषत्वाने होतो. त्यात त्वचा पांढरी, पातळ व सुरकुतलेली होते आणि तीव्र कंड सुटते. कोडात केवळ रंग जातो; त्वचेचा पोत बदलत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदे वर्णिली असून त्यांपैकी ‘अचरणा’ या व्यापदात अस्वच्छतेमुळे जंतू उत्पन्न होऊन कंड सुटते, असे म्हटले आहे. पाश्चात्त्य वैद्यकात १८७५ मध्ये न्यूयॉर्कचे वेअर, १८८५ मध्ये प्रागचे ब्रेस्की व १८८७ मध्ये पॅरिसचे हालोपो यांनी पांढऱ्या चट्ट्यांची वर्णने निरनिराळ्या नावांनी केली. परिणामी एकाच विकारास अनेक नावे रूढ झाली. त्यांतील ‘ल्यूकोप्लाकिया’ ही कर्करोगाची पूर्वावस्था मानली गेल्याने अनेक रुग्णांचा भग शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात येई; तरीही विकार पुन्हा उद्‌भवे. १९७० मध्ये भगरोगांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली व १९७६ मध्ये तिने जुनी नावे वगळून नवे वर्गीकरण केले. आता लायकेन स्क्लेरोससवर प्रभावी स्टेरॉइड मलम हा मुख्य उपचार आहे. थोड्या रुग्णांत पुढे कर्करोग होत असल्याने नियमित तपासणी आवश्यक असते.

नावांचा घोळ मिटला, तरी तपासणीचा प्रश्न राहिला. महाराष्ट्रात संकोचामुळे स्त्रिया असे विकार पुरुष वैद्यापुढे सांगत नसत. या दृष्टीने १८८६ मध्ये मुंबईत सुरू झालेले, स्त्री-डॉक्टरांच्या हाती असलेले कामा रुग्णालय महत्त्वाचे ठरले. खेड्यांतील स्थिती मात्र शतकानंतरही फारशी पालटली नव्हती. राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही पाहणी केवळ त्वचाविकारांची नव्हती. तीत सर्व स्त्रीरोगांचा समावेश होता. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार आढळले. परंतु पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे केवळ प्रसूती व कुटुंबनियोजन, ही समजूत त्यामुळे ढळली आणि मूकपणे सोसले जाणारे विकार सार्वजनिक आरोग्याचा विषय बनले.