जमाखर्चाची साक्ष

गेल्या वर्षीं जूनपासून परीक्षेपर्यंत, आठवड्यांतून तीन दिवस, मी आमच्याच कॉलेजांतील वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत शेवटच्या बांकावर बसत होतों. विषय होता वित्तीय लेखांकन; साध्या मराठींत सांगावयाचें तर जमाखर्च. पंचावन्नी गांठलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकानें अठरा वर्षांच्या मुलांत बसून कीर्द-खतावणीचे धडे गिरवावे, ही गोष्ट प्राध्यापकांच्या खोलींत कांहीं दिवस विनोदाला पुरली. शिकविणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशीं त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही समोर बसलांत तर मला शिकवतां येणार नाहीं." म्हणून शेवटचें बांक. मी त्या वर्गांत कां गेलों हें पुढें सांगेन. तूर्त एवढेंच कीं, ज्या विद्येला आम्ही इंग्रजी शिकलेले लोक 'कारकुनी' म्हणून नाक मुरडतों, तिनें मला माझ्याच विषयांतील एक गोष्ट शिकविली, आणि शिकवितांना थोडें लाजविलेंही.

पहिल्याच आठवड्यांत वर्ग अडला, तो अशा प्रत्येक वर्गाच्या अडण्याच्या ठिकाणींच अडला. दुकानांत रोख हजार रुपये आले, तर रोकड खातें नांवें. मुलें म्हणूं लागलीं, पैसा घरांत आला, मग तो जमा कां नाहीं? बाईंनीं नियम सांगितला: येईल तें नांवें, जाईल तें जमा. मुलांनीं तो पाठ केला. नियम खरा आहे; पण नियमालाही पूर्वज असतात, आणि ते ठाऊक असले म्हणजे पाठांतराचें ओझें पुष्कळ हलकें होतें.

तेराव्या शतकांतील इटालियन सावकारांच्या वह्यांत मुख्य खातीं माणसांचीं असत. अमक्यानें 'देणें आहे', तमक्याला 'मिळणें आहे', अशा दोनच क्रियापदांवर तें लिखाण चाले. पुढें कोणा तरी हिशेबनिसांनीं एक धाडसाची कल्पना लढविली: पैशाच्या पेटीलाच माणूस मानावयाचें. पेटींत मीं हजार ठेवले, म्हणजे पेटी माझें हजारांचें देणें लागते. म्हणून ते पेटीच्या नांवें. एकदां पेटी माणूस झाल्यावर माल, जहाज, घरखर्च, आणि शेवटीं नफातोटा हीं सारीं माणसें झालीं. प्रत्येकाचें खातें, प्रत्येकाशीं देवघेव, आणि प्रत्येक नोंद दोन ठिकाणीं. एक देणारा, एक घेणारा. आमच्या जुन्या कीर्दींतही पैसे आले कीं ते देणाऱ्याच्या नांवावर जमा होतात. मुलांच्या मनांत 'जमा' शब्द होता तो पैशाचा. वहींतला 'जमा' हा माणसाचा आहे, एवढें कळलें कीं गोंधळ निवळतो.

या दुहेरी पद्धतीच्या उपलब्ध वह्यांपैकीं अगदीं जुनी म्हणून जी दाखविली जाते ती फारोल्फी नांवाच्या फ्लॉरेन्सच्या पेढीच्या प्रोव्हान्स प्रांतांतील शाखेची, इ. स. १२९९-१३०० ची. जेनोवा नगराच्या सरकारी खजिन्याच्या इ. स. १३४० च्या खतावणींत तर चक्क काळ्या मिरीचें खातें आहे. माल घेतला, विकला, तोटा आला, आणि तो तोटा नफातोट्याच्या खात्यावर नेऊन मिरीचें खातें बंद केलें. तो जिन्नस मलबारच्या किनाऱ्यावरून निघून युरोपच्या बाजारांत पोंचत असे. ज्या अंकांनीं पुढें हे हिशेब लिहिले गेले तेही आमच्याकडचेच. पिसाच्या लिओनार्दोनें, म्हणजे फिबोनाचीनें, इ. स. १२०२ मध्यें 'हिंदूंचे नऊ अंक' म्हणून त्यांची ओळख करून दिली होती. गंमत अशी कीं, फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानें इ. स. १२९९ मध्यें वह्यांत हे अंक वापरण्यास बंदी केली. शून्याला एक शेपूट जोडलें कीं त्याचा सहा किंवा नऊ होतो, ही भीति त्यामागें असल्याचें सांगतात. म्हणजे वहीचा जन्म झाला त्याच काळीं वहीविषयींचा संशयही जन्मला होता. हें मीं वर्गांत शिकण्यापूर्वीं कोठें तरी वाचलें होतें. पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानांत आला नव्हता.

या विद्येचें पहिलें छापील पाठ्यपुस्तक एका साधूनें लिहिलें. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा, इ. स. १४४७ च्या सुमारास बोर्गो सान सेपोल्क्रो या गांवीं जन्मलेला. तरुणपणीं व्हेनिसमध्यें तो एका व्यापाऱ्याच्या मुलांचा शिक्षक होता, आणि पुढें गांवोगांवच्या विद्यापीठांतून गणित शिकवीत हिंडला. लिओनार्दो दा व्हिंची त्याचा स्नेही, पाचोलीच्या इ. स. १५०९ च्या ग्रंथांतील घनाकृती लिओनार्दोनें काढल्या आहेत. या मनुष्यानें इ. स. १४९४ च्या नोव्हेंबरांत व्हेनिसला गणिताचा एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांतील ३६ प्रकरणांचा एक भाग जमाखर्चाला दिला. ही पद्धति आपण शोधिली असा त्याचा दावा नाहीं. आपण व्हेनिसची रीत सांगत आहों, असें तो स्वच्छ सांगतो. रागुझाच्या बेनेदेत्तो कोत्रुल्यीनें इ. स. १४५८ मध्येंच या विषयावर लिहून ठेविलें होतें. पण तें छापलें गेलें इ. स. १५७३ मध्यें. पाचोलीला छापखाना लाभला, आणि पंडितांची लॅटिन सोडून व्यापाऱ्यांना समजेल अशा बोलींत लिहिण्याची बुद्धि झाली.

त्याचीं तीं प्रकरणें वाचतांना आपण आपल्याच पेठेंतील एखाद्या जुन्या दुकानांत बसलों आहों असा भास होतो. व्यापाऱ्याला तीन गोष्टी लागतात, तो म्हणतो: पैसा अथवा पत, हिशेबांत तरबेज कारकून, आणि सारा व्यवहार नांवें-जमेच्या बाजूंनीं नीट मांडण्याची शिस्त. प्रथम आपल्या मालमत्तेची यादी करावी. मग तीन वह्या: एक रोजचा खर्डा, एक कीर्द, एक खतावणी. आरंभीं देवाचें नांव घालावें, पहिल्या वहीवर क्रूसाची खूण करावी. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नव्या वहीवर 'श्री' लिहितात तसेंच. पण देवाच्या नांवावर तो विसंबत नाहीं. वह्या सरकारी अधिकाऱ्याकडे नेऊन त्यांवर शिक्का घ्यावा, असें तो बजावतो. कारण पुष्कळ लोक दोन वह्या ठेवतात, एक विकणाऱ्याला दाखविण्याची आणि एक घेणाऱ्याला. आणि देवाच्या नांवानें आरंभिलेल्या वहींत खोटें लिहिणें म्हणजे खोटी शपथ घेणें होय.

वर्षअखेर खतावणीच्या सर्व नांवें बाजूंची बेरीज एकीकडे, सर्व जमेची दुसरीकडे. दोन्ही सारख्या आल्या कीं वही बरोबर, न आल्या तर चूक चिकाटीनें शोधावी. हीच आमच्या वर्गांतली तेरीज. ती पहिल्यांदा जमली त्या दिवशीं वर्गांत मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आणि मीही वाजविल्या. ज्यानें उभा जन्म अपुऱ्या कागदपत्रांवर तर्क लढविण्यांत घालविला, त्याला दोन स्वतंत्र बेरजा पैपर्यंत एक झालेल्या पाहण्यांत केवढा आनंद वाटतो, हें गणित्याला सांगून समजणार नाहीं.

तो आनंद फार दिवस टिकला नाहीं. पाचोलीचा ग्रंथ व्हेनिसला बाहेर पडत होता त्याच महिन्यांत, ९ नोव्हेंबर १४९४ रोजीं, फ्लॉरेन्समधून पिएरो दे मेदिची पळाला, आणि त्याच्या घराण्याची इ. स. १३९७ पासून चालत आलेली पेढी बुडाली. फ्रेंच स्वारी हें निमित्त. पेढी आंतून आधींच पोकळ झाली होती. रेमंड द रूव्हर या संशोधकानें मेदिचींच्या वह्या तपासून इ. स. १९६३ मध्यें तिचा इतिहास लिहिला. ज्या पेढीच्या वह्या दुहेरी पद्धतीच्या होत्या, तीच ही. मग दोन्ही बाजू जमत असतांना ती बुडाली कशी?

कोसिमोच्या काळीं शाखांचे ताळेबंद फ्लॉरेन्सला येत, आणि तेथें कोणी तरी ते बारकाईनें वाचीत असे. त्याच्यामागें पेढीचा कारभार फ्रान्चेस्को सास्सेत्तीच्या हातीं गेला. हा गृहस्थ दुष्ट नव्हता. रसिक होता, लॅटिन हस्तलिखितांचा संग्राहक होता; सांता त्रिनिता मंदिरांत त्यानें घिर्लान्दायोकडून रंगवून घेतलेलें दालन आजही लोक पाहावयास जातात. ल्योंच्या शाखेचा कारभारी लिओनेत्तो दे रोस्सी हा लोरेंझोचा मेहुणा. त्यानें बुडीत येणीं चांगलीं म्हणून दाखविलीं, नसलेला नफा फुगवून पाठविला. सास्सेत्तीनें ते ताळेबंद स्वीकारले. ब्रूझच्या शाखेनें बर्गंडीच्या ड्यूकाला, लंडनच्या शाखेनें इंग्लंडच्या राजाला कर्जें दिलीं, आणि तीं पूर्ण वसूल झालीं नाहींत. इ. स. १४८५ मध्यें लिओनेत्तोला बोलावून कैदेंत टाकलें, तोंवर फार उशीर झाला होता.

येथें त्या विद्येचें वर्म आहे, आणि तें मला बाईंच्या एका साध्या उदाहरणावरून कळलें. त्यांनीं फळ्यावर दोन येणीं लिहिलीं, दोन्ही दहा-दहा हजारांचीं. "यांतलें एक उद्यां मिळणार आहे, आणि दुसरा ऋणको गांव सोडून गेला आहे. तेरजेंत फरक काय पडेल?" मुलें गप्प राहिलीं. फरक कांहींच पडत नाहीं. जिवंत येणें आणि मेलेलें येणें दोन्ही नांवें बाजूलाच बसतात, आणि तोल जसाच्या तसा राहतो. मेलेल्याला मेलेला म्हणून लिहिण्यासाठीं एक माणूस लागतो. बेरजेला तें काम करतां येत नाहीं.

आतां मी वर्गांत कां गेलों तें सांगतों. नोकरदारांच्या एका लहानशा पतपेढीच्या व्यवस्थापक समितीवर मी अकरा वर्षें होतों. 'सुशिक्षित, निःस्पृह' म्हणून मला घेतलें होतें. दरवर्षीं वार्षिक सभेंत ताळेबंद मांडला जाई. दोन्ही बाजू पैशापर्यंत सारख्या. मी सही करीत असें, आणि मग चहा होई. न फेडलेलीं कर्जें नव्या तारखेनें पुन्हां दिलीं म्हणून लिहिलीं जात होतीं, आणि हातीं न आलेलें व्याज उत्पन्नांत धरलें जात होतें, हें पुढें सरकारी तपासनिसानें शोधून काढलें. ठेवी अडकल्या. त्या ठेवीदारांत आमच्या कॉलेजांतून निवृत्त होऊन वारलेल्या एका शिपायाची बायको होती. त्या माझ्या घरीं आल्या, खुर्चीवर बसल्या नाहींत, उभ्याउभ्याच म्हणाल्या, "सर, हे नेहमीं सांगायचे, कागदावर आपल्या सरांची सही आहे, काळजी करूं नको." त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मला उत्तर तरी सुचलें असतें.

सास्सेत्तीचा न्याय करणें मला आतां कठीण जातें. तोही पुस्तकांचाच माणूस होता. अवघ्या मध्ययुगाचे कागद वाचणाऱ्या मला माझ्या सहीचा कागद वाचतां येत नव्हता, आणि वाचतां येत नाहीं हें मीं कोणाला सांगितलें नव्हतें. इंग्रजी शिक्षणानें आम्हांला जी अनेक भूषणें दिलीं त्यांत हें एक: हिशेब न येणें हें आम्ही सुसंस्कृतपणाचें लक्षण समजतों.

पाचोलीच्या ग्रंथांत एक प्रकरण आहे, त्याकडे मीं पूर्वीं लक्ष दिलें नव्हतें. बेरजा करण्याच्या आधीं, तो म्हणतो, खतावणी कीर्दीशीं ताडून पाहावी. आणि हें काम एकट्यानें होणें कठीण. म्हणून मदतनिसाच्या हातीं कीर्द द्यावी, आपण खतावणी घ्यावी. त्यानें एकेक नोंद मोठ्यानें वाचावी, आपण ती शोधून तिच्यापुढें ठिपका द्यावा. बेरीज त्याच्यानंतर. म्हणजे या पद्धतीच्या पहिल्या शिक्षकालाही वही स्वतःची साक्ष स्वतः देईल असा भरंवसा नव्हता. तिला दुसरा डोळा पाहिजे, दुसरा आवाज पाहिजे. आज हिशेब संगणकावर चालतात. दोन बाजू विषम असल्या तर यंत्र ती नोंद घेतच नाहीं. तोल आतां फुकट मिळतो. त्यामुळें त्या तोलावर डोळे मिटून विसंबण्याचा मोह पूर्वींपेक्षां वाढला आहे, एवढेंच.

पतपेढीची वसुली चालूं आहे. त्या बाईंना आजवर निम्मी रक्कम मिळाली आहे. नव्या समितींत मला पुन्हां घेतलें, तें कदाचित् लोकांना दुसरा कोणी सांपडला नाहीं म्हणून. यंदाचा ताळेबंद माझ्यापुढें आला तेव्हां दोन्ही बाजू नेहमीप्रमाणें जुळत होत्या. मीं लेखनिकाला ऋणकोंची यादी मागितली. त्यांतलें एकेक नांव त्यांनीं मोठ्यानें वाचलें, आणि मीं शेवटची फेड केव्हांची तें पाहून पेन्सिलीनें ठिपका देत गेलों. तीन संध्याकाळ लागल्या. सात नांवांपुढें ठिपका देतां आला नाहीं. त्या सातांचा खुलासा येईपर्यंत मीं सही केलेली नाहीं.